सही करताना तुरुंगाचं नावही लिहा : ठाणे जिल्ह्यातल्या आणीबाणीच्या बंदिवानांना खुले पत्र

आदरणीय काका-काकू, मिसाबंदी आणि सत्याग्रही मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय. दोन बैठकांत वाचलंत तरी चालेल. काम मात्र एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते. म्यानमारमधल्या राजकीय कैद्यांसाठी आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना एक निवेदन पाठवायचं आहे आणि त्यावर पहिल्या सह्या मला तुमच्या हव्या आहेत. नगरसेवकांच्या नकोत, लेखक-कलावंतांच्या मागाहून घेता येतील. पहिल्या तुमच्याच का, एवढं पटवण्यासाठी पुढचा सगळा खटाटोप.

दर जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुमचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, मानपत्र, मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण. त्या भाषणात तुमच्यापेक्षा त्यांच्याच पक्षाचं कौतुक जास्त असतं, पण तुम्ही ते गोड मानून घेता. तुमचं मानधन 2018 मध्ये सुरू झालं, 2020 मध्ये बंद पडलं, 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं आणि 2025 मध्ये दुप्पट झालं. महिन्याहून जास्त दिवस आत काढलेल्याला आता दरमहा 20 हजार. मंत्रालयात माणसं बदलली की तुमच्या तुरुंगवासाची किंमतही वरखाली होते, हे जरा गमतीचंच. ते असो. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. स्वातंत्र्यसैनिक आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. ज्यांच्या तुरुंगवासावर सरकारनं स्वतःहून मान्यतेचं शिक्कामोर्तब केलंय असे राजकीय कैदी आज या देशात तुम्हीच. आमच्यासारख्यांनी असलं पत्र लिहिलं, तर ‘या कोण टिकोजीराव’ म्हणून ते बाजूला पडेल. तुमचं पत्र बाजूला टाकताना कोणत्याही मंत्र्याला, तो कुठल्याही पक्षाचा असो, दोनदा विचार करावा लागेल.

आता म्यानमारच का?

मंडाले आपल्याला टिळकांमुळे ठाऊक. 1908 च्या जुलैमधली सहा वर्षांची शिक्षा, लाकडी कोठडी, ब्रह्मदेशातला उन्हाळा, पेन्सिलीनं लिहिलेलं ‘गीतारहस्य’, पत्नी गेल्याची 1912 मध्ये तिथेच कळलेली बातमी आणि 1914 च्या जूनमध्ये मध्यरात्री पुण्याला परत. शाळेत हे सगळं आपण घोकलंय. टिळक सुटले आणि आपल्या लेखी मंडालेही संपलं. पुढं तिथे काय झालं याची चौकशी आपण केली नाही.

टिळकांना राजद्रोहाच्या ज्या 124अ कलमाखाली तिकडे धाडलं, ते कलम इंग्रजांनी ब्रह्मदेशालाही लावलं होतं. तिथल्या दंडसंहितेत ते आजही त्याच आकड्यानं नांदतंय. 8 नोव्हेंबर 2020 च्या निवडणुकीत आंग सान स्यू की यांच्या पक्षानं 396 जागा जिंकल्या, लष्कराच्या पक्षाला 33 मिळाल्या. लष्करानं मतदार याद्यांत घोळ असल्याची ओरड केली आणि 1 फेब्रुवारी 2021 च्या पहाटे, नवी संसद भरायच्या दिवशीच, पंतप्रधानपदासारखं पद सांभाळणाऱ्या स्यू की आणि राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांना उचललं. दोन आठवडे उलटायच्या आत, 14 फेब्रुवारीला, सेनाप्रमुख मिन आंग ह्लाइंग यांच्या राजवटीनं 124अ ची व्याप्ती वाढवली आणि 505अ हे नवं कलम घातलं. लोकांत भीती पसरेल असं बोललात, खोटी बातमी पसरवलीत, तर तीन वर्षं आत. फेसबुकवरची एक ओळ त्याला पुरते. डीआयआरखाली, म्हणजे भारत संरक्षण नियमांखाली, ‘अफवा पसरवणे’ हा आरोप तुमच्यापैकी कितीजणांवर होता ते आठवून बघा. तेव्हा तुम्ही जी अफवा पसरवलीत ती बहुधा एवढीच होती, की जयप्रकाशजींची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. ती खरी निघाली.

तुलना सरसकट करायची नाही, हे मला कळतं. आपली आणीबाणी एकवीस महिन्यांत उठली, निवडणूक झाली, इंदिराबाई हरल्या आणि पायउतार झाल्या. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगानं मोजदाद केली तेव्हा मिसाखाली, म्हणजे विनाखटला डांबून ठेवायच्या कायद्याखाली, 34,988 आणि डीआयआरखाली 75,818 माणसं आत गेल्याचं निघालं. म्यानमारची लोकसंख्या आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडी कमी. तिथे एएपीपी ही राजकीय कैद्यांना मदत करणारी संस्था हिशेब ठेवते. सुटून आलेल्या राजकीय कैद्यांनीच ती 2000 साली थायलंडच्या सीमेवर काढली. तिच्या नोंदीत 2025 सरता सरता लष्करानं मारलेल्यांचा आकडा सात हजारांच्या पुढे गेला होता आणि तुरुंगात वीस हजारांहून जास्त लोक होते. पाच वर्षं झाली. 2025 च्या जुलैत आणीबाणी कागदोपत्री उठवली, पण लष्कर हटायचं नाव नाही.

पहिल्या आठवड्यात तिथे गोळ्या चालत नव्हत्या. यांगूनमध्ये रोज रात्री आठ वाजता घराघरांतून लोक भांडी बडवायचे. घरातली पीडा बाहेर घालवायची तिथली ती जुनी रीत. (आपणही 2020 च्या मार्चमध्ये गॅलरीत उभं राहून थाळ्या बडवल्या होत्या. आपल्याला कुणी सांगितलं म्हणून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.) सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी काम बंद केलं, त्यात मंडालेचे डॉक्टर सर्वांत पुढे. रेल्वेवाले, मास्तर, बँकेतले लोक त्यांच्या मागून बाहेर पडले. 3 मार्चला मंडालेतच क्याल सिन नावाची एकोणीस वर्षांची मुलगी मोर्चात डोक्यात गोळी लागून गेली. तिच्या काळ्या टीशर्टवर ‘सगळं ठीक होईल’ असं इंग्रजीत लिहिलं होतं. निघण्यापूर्वी तिनं फेसबुकवर आपला रक्तगट लिहून ठेवला होता आणि मेले तर अवयव दान करा, असंही. तिचं दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी लष्कराच्या लोकांनी येऊन कबर उकरली. कुणाची गोळी होती ते ‘तपासायला’.

आता जरा आपल्या ठाण्याकडे येते. आपला जेल म्हणजे जुना किल्ला. कळव्याकडून येताना त्याचा तट दिसतो, रोज हजारो माणसं बघतात आणि पुढे जातात. 19 एप्रिल 1910 ला त्या तटाच्या आत अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. मृतदेह नातलगांच्या ताब्यात दिले नाहीत. तुरुंगातल्या लोकांनीच दहन उरकलं. हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. एप्रिलमध्ये त्या तिघांना हार घालायला तुमच्यातलेच काहीजण जातात. यांगूनचा इन्सेन तुरुंगही इंग्रजांनीच बांधलेला. 2022 च्या जुलैत तिथे चौघांना फाशी दिली. फ्यो झेया थॉ, एके काळचा हिपहॉप गायक, पुढे खासदार झालेला. क्यॉ मिन यू, 1988 च्या विद्यार्थी उठावातला नेता, लोक त्याला को जिमी म्हणत. आणि ह्ला म्यो आंग व आंग थुरा झॉ हे दोघे. खटला लष्करी न्यायाधिकरणात, बंद दाराआड. आदल्या शुक्रवारी घरच्यांना तुरुंगात बोलावून व्हिडिओवर बोलू दिलं, ही शेवटची भेट आहे हे सांगितलं नाही. सोमवारी, 25 तारखेला, सरकारी वर्तमानपत्रात बातमी आली. मृतदेह दिले नाहीत. म्यानमारमध्ये तीसेक वर्षांत कुणाला न्यायालयीन फाशी झाली नव्हती.

एकशे बारा वर्षांचं अंतर आहे या दोन घटनांत. 1910 मध्ये ठाण्यात जे केलं ते परक्या साम्राज्यानं केलं होतं. 2022 मध्ये इन्सेनमध्ये जे केलं ते स्वतःला राष्ट्राचं रक्षक म्हणवणाऱ्या लष्करानं.

आता तुमच्या ऋणाकडे वळते. हा शब्द जड वाटेल, पण दुसरा सापडत नाही.

आमचे काका जनसंघाचे, बँकेत कारकून. नोव्हेंबर 1975 च्या सत्याग्रहात पकडले गेले आणि पुढे नाशिकरोडला गेले. त्यांची तिथून आलेली पोस्टकार्डं काकूनं लोखंडी ट्रंकेत जपून ठेवली होती. आता ती माझ्याकडे आहेत. प्रत्येकावर जांभळा सेन्सॉरचा शिक्का. मधेमधे काळ्या शाईनं फासलेल्या ओळी. एका कार्डावरची फासलेली ओळ उन्हात तिरकी धरली की वाचता येते : ‘परसातले आंबे यंदा उतरवू नका, मी आल्यावर बघू.’ सेन्सॉरला त्यात कट दिसला असावा. आंबेच होते ते. आमच्या काकांना सांकेतिक भाषा जमण्यातली नव्हती.

हे काका एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. बराकीत संघाचे, समाजवादी, सर्वोदयी, मार्क्सवादी, जमातवाले असे सगळे एकत्र. भांडणं रोजची. एकदा कुणाच्या तरी मुलाकातीत वकिलाकडून बातमी आली, की लंडनमध्ये आपल्यासाठी लोक उभे राहिलेत. 15 ऑगस्ट 1975 ला तिथल्या ‘द टाइम्स’मध्ये भारतातल्या लोकशाहीचा दिवा विझू देऊ नका अशी जाहिरात आली होती, ‘फ्री जेपी’ मोहिमेची. बराकीपर्यंत ती बातमी पोचायला कितीतरी महिने लागले. त्यानं कुणाची सुटका झाली नाही. पण काका म्हणायचे, त्या रात्री बराकीत पहिल्यांदा कुणी भांडलं नाही. आणि परदेशातून चौकश्यांची पत्रं सरकारदरबारी येऊ लागली तसा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, अरे-तुरे करणारा जेलर हळूहळू ‘अहो’वर आला.

समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिसांचं तर याहून थेट. 1976 च्या मे महिन्यात त्यांच्या भावाला, लॉरेन्स यांना, बंगळुरूत पोलिसांनी हाडं मोडेपर्यंत मारलं होतं, जॉर्ज कुठे लपलाय ते सांग म्हणून. 10 जूनला जॉर्ज कलकत्त्यात सापडले. त्यांचंही तेच होणार, किंवा त्याहून वाईट, अशी भीती होती. तेव्हा जर्मनीचे विली ब्रांट, ऑस्ट्रियाचे ब्रुनो क्रायस्की आणि स्वीडनचे ओलोफ पाल्मे यांनी इंदिरा गांधींशी थेट संपर्क साधला : या माणसाच्या केसाला धक्का लागता कामा नये. ज्या बडोदा डायनामाइट प्रकरणात, म्हणजे स्फोटकांच्या कटात, ते आरोपी होते त्याबद्दल तुमची मतं वेगवेगळी असतील, माझंही मत फार भक्तिभावाचं नाही. पण माणूस कोठडीत जिवंत राहिला आणि 1977 मध्ये तुरुंगातूनच मुझफ्फरपूरला निवडून आला.

याच जॉर्जनी पुढे काय केलं? 1988 च्या उठावानंतर ब्रह्मदेशातून पळून आलेल्या विद्यार्थ्यांना दिल्लीतल्या आपल्या सरकारी बंगल्यात, 3, कृष्ण मेनन मार्ग इथे, जागा दिली. ती मुलं तिथे राहायची, तिथून चळवळ चालवायची. 1998 नंतर वाजपेयी सरकारात जॉर्ज संरक्षणमंत्री झाले. ब्रह्मी जनरलांशी तेव्हा दिल्लीचं सूत जुळत चाललं होतं. तरी त्या मुलांचा मुक्काम हलला नाही. देशाच्या संरक्षणमंत्र्याच्या अंगणात शेजारच्या लष्करशहांचे विरोधक, आणि त्यामुळे देश बुडाला नाही. स्वतःसाठी आलेल्या त्या परदेशी शब्दांची फेड जॉर्जनी अशी केली असं मी मानते. तुमच्यापैकी ज्यांना समाजवादी चालत नाहीत त्यांनी वाजपेयींचं नाव घ्यावं. सरकार त्यांचंच होतं.

त्या काळातला भारत आणखीही काही करत होता. आकाशवाणीची ब्रह्मी सेवा जनरलांना झोंबेल असं बोलायची. स्यू कींना 1993 चा नेहरू पुरस्कार आपणच दिला, त्या नजरकैदेत असताना. आणि आजचा भारत? 18 जून 2021 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारमधल्या लष्करी बंडाचा निषेध करणारा ठराव 119 मतांनी मंजूर झाला. विरोधात एकटा बेलारूस, तटस्थ 36. त्या छत्तिसांत आपण. 21 डिसेंबर 2022 ला सुरक्षा परिषदेत हिंसाचार थांबवा, स्यू की आणि विन मिंट यांना सोडा असा ठराव आला. बाराजणांनी बाजूनं मत दिलं. तटस्थ राहिले तिघे : चीन, रशिया आणि भारत. सांगितलं गेलं की शांतपणे, संयमानं राजनय करणं बरं. बरं असेलही. पण त्या शांततेत काय काय चाललंय? संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारविषयक विशेष प्रतिनिधी टॉम अँड्र्यूज यांनी 2023 च्या मे महिन्यात अहवाल दिला. बंडानंतर म्यानमारच्या लष्कराला सुमारे 100 कोटी डॉलरची शस्त्रं आणि शस्त्रांसाठीचा माल मिळाला. रशिया, चीन, सिंगापूर पुढे आहेत. पण 5 कोटी 10 लाख डॉलरचा माल भारतातूनही गेला, आणि त्यात सरकारी मालकीच्या कंपन्याही होत्या.

त्याच्या महिनाभर आधी, 11 एप्रिल 2023 ला, सगाइंग प्रांतातल्या पाझिगी गावात लोक एका कार्यालयाच्या उद्घाटनाला जमले होते. विमानानं बॉम्ब टाकले, मग हेलिकॉप्टर येऊन पळणाऱ्यांवर गोळ्या झाडून गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलं बरीच. 28 मार्च 2025 ला मंडाले-सगाइंगला मोठा भूकंप झाला. आपण ‘ऑपरेशन ब्रह्मा’ काढून लगोलग मदत धाडली, आपल्या लष्कराच्या डॉक्टरांनी मंडालेत इस्पितळ उभारलं. फार चांगलं काम झालं, मन भरून आलं. आणि त्याच पट्ट्यात, भूकंपाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, 12 मे रोजी डेपायिन तालुक्यातल्या एका शाळेवर म्यानमारच्याच हवाई दलानं बॉम्ब टाकले. वीसच्या वर माणसं गेली, बहुतेक विद्यार्थी. एका हातानं पट्टी बांधायची आणि दुसऱ्या हातानं माल विकायचा, हे राजनय म्हणून खपेल. तुम्ही मात्र ज्या घरांत वाढलात तिथे याला दुसरं काहीतरी म्हणत.

निवडणुकीचं सोंगही झालं. त्याआधी 2023 मध्ये स्यू कींचा पक्ष मोडीत काढला. 2025 च्या जुलैत कायदा केला की निवडणुकीत अडथळा आणणाऱ्याला, म्हणजे टीका करणाऱ्यालाही, तीन वर्षांपासून थेट फाशीपर्यंत शिक्षा. आपल्या पंतप्रधानांनी ऑगस्टमध्ये तियानजिनला ह्लाइंग यांच्या भेटीत निवडणूक निष्पक्ष आणि सर्वांना सामावून घेणारी व्हावी अशी आशा व्यक्त केली. डिसेंबर-जानेवारीत तीन टप्प्यांत मतदान उरकलं, लष्कराचा पक्ष जिंकला. दुसरं कोण जिंकणार होतं? 2025 च्या डिसेंबरमध्ये स्यू कींचा मुलगा किम आरिस जाहीरपणे म्हणाला, की आईची खबर वर्षानुवर्षं मिळालेली नाही, ती गेली असेल तरी मला कळणार नाही. ऐंशी वर्षांची बाई. तुमच्यातल्या अनेकांच्या वयाची.

स्यू कींबद्दल एक शंका तुमच्या मनात येईल, माझ्याही आली. 2017 मध्ये याच लष्करानं सात लाखांहून जास्त रोहिंग्यांना बांगलादेशात पिटाळलं, आणि 2019 च्या डिसेंबरमध्ये स्यू की हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन लष्कराची बाजू मांडून आल्या. चौदा महिन्यांत त्याच लष्करानं त्यांना कोंडलं. मी त्यांची आरती ओवाळत नाही. पण कैद्याला सोडा म्हणायला कैदी पुण्यवान असावा लागतो, असं असतं तर आणीबाणीत तुमच्यातले किती सुटले असते?

आता नेहमीचे आक्षेप. पहिला चीनचा. आपण तोंड उघडलं तर जनरल चीनच्या मांडीवर जाऊन बसतील. ते कधीचेच बसलेत, आणि आपण गप्प असतानाच बसले. दुसरा ईशान्येतल्या बंडखोरांचा आणि म्यानमारमधून मिझोरामला समुद्राशी जोडणाऱ्या कलादान प्रकल्पाचा. यात तथ्य आहे. मात्र ज्या पलेटवावरून कलादानचा रस्ता जायचा, ते 2024 च्या जानेवारीत राखाइनमधल्या बंडखोरांच्या आराकान आर्मीनं घेतलं. राखाइनचा बहुतेक भाग त्यांच्याकडे, चिन राज्याचा मोठा भाग चिन गटांकडे. आपल्या सीमेच्या पलीकडे ज्यांची सत्ता उरलेली नाही, त्यांनाच घरमालक समजून बोलणी करत राहणं हा व्यवहार तरी कसा? बंडखोरही काही संत नाहीत, त्यांच्याकडूनही अत्याचार झालेत. म्हणून तर निवेदनात आपण कुणाच्या फौजेची बाजू घेतलेली नाही, कैद्यांची घेतली आहे.

‘आपल्याला काय त्याचं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की त्याचा चटका आपल्या गल्लीपर्यंत आला आहे. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून पोरांना न्यायचं आणि सीमा ओलांडून म्यावाड्डीच्या कंपाउंडमध्ये डांबून ऑनलाइन फसवणूक करायला लावायची. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी अशा 549 भारतीयांना परत आणलं. पुढच्या महिन्यात महाराष्ट्र सायबरनं साठेक जणांना सोडवलं. त्यांचं मुख्यालय आपल्या महाप्यालाच आहे. कायद्याचं राज्य मोडून बंदूकवाल्यांना मोकळं रान दिलं की असले धंदे फोफावतात, आणि गिऱ्हाईक व गुलाम दोन्ही आपल्याकडून जातात.

आणि मिझोराम. 2021 च्या मार्चमध्ये केंद्रानं ईशान्येच्या राज्यांना पत्र पाठवलं, की म्यानमारमधून येणाऱ्यांना अडवा, परत पाठवा. मिझोरामचे मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी उलट पंतप्रधानांना लिहिलं, ही आमचीच माणसं आहेत, त्यांना आम्ही हाकलणार नाही. गरीब राज्य ते. तरी चर्चच्या वर्गण्यांतून, गावागावांतल्या तांदळातून तीस हजारांवर माणसं पोसली. त्यावर आपल्याकडे अर्धा रकानासुद्धा छापून आला नाही. मणिपूर सरकारनं मात्र 2024 च्या वसंतात 77 जणांना परत पाठवलं. त्याच मणिपूरच्या उच्च न्यायालयानं 2021 मध्ये सात म्यानमारी नागरिकांना दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे जायची मुभा दिली होती. म्हणजे कायद्यात वाट आहे. ती वापरायची की नाही, हा मनाचा प्रश्न आहे.

आपल्या तळोज्याच्या तुरुंगाचं काय, असं तुमच्यातले डावीकडचे विचारतील. विचारायलाच हवं. आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी 83 वर्षांचे असताना 2020 च्या ऑक्टोबरमध्ये एल्गार परिषद प्रकरणात पकडले गेले आणि तळोज्यात ठेवले गेले. पार्किन्सननं हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही, म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मागायला त्यांना कोर्टात जावं लागलं आणि तपास यंत्रणेनं उत्तर द्यायला वीस दिवस मागून घेतले. आरोप खरे की खोटे ते खटल्यात ठरायचं होतं. खटला उभाच राहिला नाही आणि 5 जुलै 2021 ला ते गेले. आपल्या पनवेल-खारघरच्या हद्दीतली ही गोष्ट. मी त्याबद्दल लिहिलंय, पुढेही लिहीन. उजवीकडच्यांना माझं ते लिहिणं आवडणार नाही, हेही ठाऊक आहे. माझं म्हणणं इतकंच, की तळोज्यामुळे इन्सेनबद्दल गप्प बसायचं आणि इन्सेन दाखवून तळोज्यावर पांघरूण घालायचं, या दोन्ही सोयी आपण सोडून देऊ. नाशिकरोडच्या त्या बराकीत तुम्ही एकमेकांचे विचार न पटता एकाच भांड्यातली आमटी खाल्ली होती. एक सही त्याहून अवघड नसावी.

निवेदनात आम्ही चारच गोष्टी मागितल्या आहेत. भारतानं स्यू की, विन मिंट आणि इतर राजकीय कैद्यांच्या सुटकेची मागणी नावं घेऊन, जाहीरपणे करावी. संयुक्त राष्ट्रांत यापुढे तटस्थ राहू नये. भारतीय हद्दीतून, विशेषतः सरकारी कारखान्यांतून, त्या लष्कराला कोणताही लष्करी माल जाऊ नये. आणि आश्रयाला आलेल्या एकाही माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध परत ढकलू नये. निर्बंध लादा, युद्ध करा असलं काहीही त्यात नाही. मसुदा मराठीत आहे, सोबत हिंदी प्रत जोडू. दिल्लीतल्या मराठी अधिकाऱ्यांना मराठी वाचता येतं, असा माझा अजून विश्वास आहे.

दर महिन्याला तुमची बैठक असते तिथे मी मसुदा घेऊन येईन. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या घरी येईन, नौपाड्यापासून डोंबिवलीपर्यंत आणि तिकडे वाशी-नेरूळलाही. कुणाला एखादं वाक्य खटकलं तर तिथेच खोडा, शेजारी आपली आद्याक्षरं घाला. ज्यांचे पती किंवा पत्नी बंदिवान होते आणि आता हयात नाहीत, त्यांनीही सही करावी. मुलाकातीच्या रांगेत उभं राहणं हाही तुरुंगवासच होता.

एक विनंती मात्र आहे. सहीखाली पत्ता, पद, पक्ष काही नको. नाव लिहा आणि त्यापुढे तुरुंग आणि महिने लिहा. येरवडा, सतरा महिने. नाशिकरोड, अकरा. ठाणे, साडेतीन. ज्यांनी हमीपत्र लिहून देऊन सुटका करून घेतली त्यांनी संकोच करू नये, तेवढे दिवस लिहावेत. परराष्ट्र मंत्रालयात ते पान उघडणाऱ्यानं आधी तो रकाना वाचावा आणि मग मागण्या वाचाव्यात.

आपली नम्र,
एका मिसाबंद्याची पुतणी
नौपाडा, ठाणे